गॅसवरचा जुना फ्रिज रुसतो कधी आणि का

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की जुनी कॅम्पर व्हॅन घेतलीये, तिच्यात गॅस, १२ व्होल्ट आणि घरची वीज अशा तिन्हीवर चालणारा फ्रिज आहे. रात्री मस्त गार होतो, दुपारी दूध नासतं, वारा सुटला की विझतो, आणि पेटवायला गेलं की कधी पहिल्या झटक्यात पेटतो तर कधी अर्धा तास जमिनीवर आडवं पडून नॉब दाबत बसावं लागतं. एकाने सांगितलं फेकून द्या, दुसऱ्याने सांगितलं जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोक, मोठा करून घ्या. काय करू?

फेकू नका, आणि जेटला तर हातच लावू नका. रात्री गार होतोय म्हणजे आतलं सीलबंद युनिट जिवंत आहे, आणि या फ्रिजमध्ये खरोखर महाग असं तेवढंच असतं. बाकी जे काही बिघडतं ते ज्योत, हवा आणि उतार या तीन गोष्टींत येतं. मी बरीच वर्षं असे फ्रिज उघडतोय आणि स्वतःच्या गाडीतही असाच एक वापरतो. लोक त्याला लहरी म्हणतात पण तो लहरी बिहरी नाही, प्रत्येक वेळी कारण असतं, फक्त ते फ्रिजच्या दरवाज्याच्या बाजूला सापडत नाही, मागच्या बाजूला सापडतं.

आधी हा चालतो कसा ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं पाठांतर होईल. यात कॉम्प्रेसर नाही, मोटर नाही, हलणारा एकही भाग नाही. १९२२ साली स्टॉकहोममध्ये बाल्ट्झर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी ही रचना काढली आणि मूळ कल्पना अजून तीच आहे. पाइपांच्या बंद जाळ्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन भरलेलं असतं, तेही चांगल्या दाबाखाली, साधारण २० ते २५ बार. खाली ज्योत लागते, बॉयलरमधलं अमोनिया मिसळलेलं पाणी तापतं, अमोनियाचे बुडबुडे सुटतात आणि ते बारीक नळीतून पाण्याला वर ढकलत नेतात. हाच याचा पंप. वर अमोनियाची वाफ कंडेन्सरमध्ये हवेने गार होऊन द्रव होते, मग ती फ्रिजच्या आतल्या भागात ओघळते, तिथे हायड्रोजन भेटतो. हायड्रोजनमुळे अमोनियाचा स्वतःचा दाब खूप कमी पडतो म्हणून तो कमी तापमानालाच उडायला लागतो आणि उडताना आतली उष्णता ओढून घेतो. मग हे मिश्रण खाली ॲब्सॉर्बरच्या वेटोळ्यांत येतं, पाणी अमोनियाला पिऊन टाकतं, हायड्रोजन हलका म्हणून परत वर जातो आणि पाणी उताराने परत बॉयलरकडे.

यात दोन गोष्टी पकडून ठेवा. एक, बुडबुड्यांनी वर ढकललं तेवढं सोडून बाकी सगळा प्रवास फक्त उताराने होतो. दोन, कंडेन्सर आणि ॲब्सॉर्बर दोघांनाही मागून गार हवा लागते. तुमच्या फ्रिजच्या निम्म्या तक्रारी या दोन वाक्यांत बसतात.

जेट मोठा करण्याचा सल्ला पण इथेच पडतो. जास्त आग म्हणजे जास्त थंडी असं वाटतं खरं, पण बुडबुड्यांचा पंप ठराविक उष्णतेसाठीच बनवलेला असतो. जास्त तापवलं की अमोनियाबरोबर पाण्याची वाफ पण वर जायला लागते आणि गारवा उलट कमी होतो, शिवाय बॉयलर करपतो ते वेगळंच.

आता उतार. गाडी वाकडी उभी असली की वेटोळ्यांमधलं द्रव मध्येच कुठेतरी साठून राहतं, बॉयलरकडे परत येत नाही. खाली ज्योत मात्र चालूच. बॉयलर कोरडा पडतो, अतिशय तापतो, आणि पाइप आतून गंजू नये म्हणून त्या पाण्यात जे सोडियम क्रोमेट घातलेलं असतं त्याचे खडे होऊन बारीक नळीत बसतात. हे नुकसान एका रात्रीत दिसत नाही पण ते परत भरून पण येत नाही, थोडं थोडं साठत जातं आणि एक दिवस युनिट गप्प होतं. नव्या मॉडेलना आडव्या बाजूने ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंशांपर्यंत चालतं असं कंपन्या सांगतात, पण जुन्याला एवढी सूट देऊ नका. छोटी गोल स्पिरिट लेव्हल घ्या आणि ती फ्रीझरच्या तळावर ठेवा, गाडीच्या फरशीवर नको, कारण जुन्या गाडीत फरशी आणि फ्रिज एकाच लेव्हलला असतील याची खात्री नसते. बुडबुडा निम्म्याहून जास्त वर्तुळाबाहेर गेला तर चाकाखाली फळी घाला. झोपताना आपल्याला आडवं बरं वाटतंय म्हणजे फ्रिजलाही बरं असेल असं नाही.

चालत्या गाडीत मात्र घाटातही काळजी नाही, कारण गाडी हलत राहते तसं द्रवही हलत राहतं, एका जागी साठत नाही. प्रश्न थांबल्यावर येतो. जेवायला उतारावर तासभर गाडी लावणार असाल तर तेवढा वेळ फ्रिज बंद करा, दार उघडलं नाही तर तासाभरात आत काही होत नाही.

आता दुपारचं दूध. इथे लोक थर्मोस्टॅटला शिव्या घालतात आणि थर्मोस्टॅट बिचारा निर्दोष असतो. हा फ्रिज मागे असलेल्या हवेपेक्षा साधारण २० ते २५ अंश खाली जाऊ शकतो, त्यापुढे त्याची ताकद संपते. बाहेर ३२ असेल तर आत ८-१० ला कसाबसा येईल, पण फ्रिजच्या मागे कोंडलेली हवा जर ४५-५० झाली असेल तर आत २५ दिसलं तरी आश्चर्य नको. म्हणून बाहेरचं तापमान बघू नका, एक स्वस्तातला डिजिटल थर्मामीटर घ्या, त्याची वायर मागे कंडेन्सरपाशी सोडा आणि दुपारी बघा. आकडा बघितल्यावर बहुतेक लोकांचा फ्रिजवरचा राग उतरतो.

मागच्या हवेची वाट अशी हवी: खालच्या व्हेंटमधून गार हवा आत, कंडेन्सरच्या पंखांमधून, म्हणजे उष्णता टाकणाऱ्या पातळ पत्र्यांमधून वर, वरच्या व्हेंटमधून बाहेर. जुन्या गाड्यांमध्ये काय झालेलं असतं, कोणीतरी मागे इन्सुलेशन म्हणून फोम कोंबलेला असतो, नाहीतर आधीच्या मालकाने नवीन कपाट करताना फ्रिज दोन बोटं पुढे ओढलेला असतो आणि मग मागे मोठी पोकळी राहते. पोकळी मोठी म्हणजे हवा जास्त, म्हणजे बरंच, असं वाटेल, पण होतं उलटं. हवा सरळ मोकळ्या बाजूने वर निघून जाते आणि पंखांना शिवतही नाही. पंख आणि बाहेरची भिंत यांच्यात दोन-तीन सेंटिमीटरच्या आसपास जागा असावी, जास्त असेल तर ॲल्युमिनियमचा पत्रा तिरका लावून हवा पंखांकडे वळवा. फ्रिजच्या वरती पण जर मोकळी जागा असेल तर गरम हवा तिथे साठून बसते, ती पत्र्याने बंद करून हवेला वरच्या व्हेंटकडे उतार द्या. या कामाला एक दुपार जाते आणि फरक इतका पडतो की लोकांना वाटतं मी युनिट बदललं.

त्यानंतरच पंखा. कॉम्प्युटरमध्ये असतो तसला १२ व्होल्टचा छोटा पंखा, कंडेन्सरच्या खाली, हवा वर ढकलणारा, आणि त्याला ४५ अंशांच्या आसपास चालू होणारा थर्मल स्विच. बर्नरच्या जवळ पंखा लावायचा नाही, नाहीतर तोच ज्योत विझवेल. आणि शक्य असेल तेव्हा गाडी अशी लावा की फ्रिजची बाजू दुपारी सावलीत राहील, हे फुकटातलं आहे आणि पंख्याइतकंच कामाचं आहे.

आता मुख्य गोष्ट, ज्योत. इथे मी थोडा रेंगाळणार आहे कारण जुन्या फ्रिजचं खरं आयुष्य इथेच चाललेलं असतं.

न पेटण्याचे तीन वेगळे प्रकार आहेत आणि लोक तिन्हीला एकच समजतात. पहिला, ठिणगी पडते पण ज्योतच येत नाही. दुसरा, ज्योत येते पण नॉब सोडला की विझते. तिसरा, पेटतो, नॉब सोडल्यावरही राहतो, आणि तासाभराने किंवा रात्री केव्हातरी विझतो. तिघांची कारणं वेगळी आहेत म्हणून आधी आपला कुठला ते ठरवा.

पहिल्यात बऱ्याचदा नळीत हवा असते. सिलिंडर बदलला की किंवा गाडी बरेच दिवस उभी असली की गॅसच्या नळीत हवा भरते, आणि फ्रिजचं जेट इतकं बारीक असतं की त्यातून ती हवा बाहेर पडायला फार वेळ लागतो. म्हणून आधी शेगडी पेटवा, ती नीट निळी जळू द्या, मग फ्रिजकडे जा. शेगडी एका मिनिटात जी हवा खाते त्याला फ्रिजला अर्धा तास लागेल. तुमचा तो जमिनीवरचा अर्धा तास बहुतेक यातच जातोय असा माझा अंदाज आहे. ठिणगीच पडत नसेल तर पायझोची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या बटनाची वायर आणि इलेक्ट्रोडची पांढरी सिरॅमिक बघा, त्याला केसाएवढी चीर असली तरी ठिणगी टोकाला न जाता मध्येच बॉडीला उडी मारते, अंधारात बघितलं तर दिसते.

१९८० च्या दशकातल्या फोक्सवॅगन वेस्टफालिया व्हॅन ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यासाठी एक वेगळी टीप, त्यात ज्वलनाची पेटी पूर्ण बंद असते, हवा बाहेरून येते आणि धूर बाहेरच जातो. सुरक्षेच्या दृष्टीने हे उत्तम, पण पेटीत शिळी हवा आणि न जळलेला गॅस साठतो म्हणून समोर हाताने दाबायचा पंप दिलेला असतो. पेटवण्याआधी तो जोरात पंधरा-वीसदा मारायचा, मग ठिणगी. लोक दोनदा मारतात आणि म्हणतात पेटत नाही.

दुसरा प्रकार, नॉब सोडला की विझणं, हा थर्मोकपलचा. ज्योतीत एक छोटी सळई असते, ती तापली की २०-३० मिलिव्होल्टची इवलीशी वीज बनते आणि तेवढ्यावर गॅसचा मॅग्नेट व्हॉल्व्ह उघडा राहतो. ज्योत गेली की सळई थंड, वीज बंद, गॅस बंद. फार सुंदर सुरक्षा आहे, हिला बायपास करायचा विचारही मनात आणू नका. पेटल्यावर नॉब पंधरा ते तीस सेकंद दाबून धरा, जुन्याला जरा जास्तच. तरी सुटत असेल तर सळईचं टोक ज्योतीत नीट बुडतंय का बघा, खडबडीत रस्त्याने ती क्लिपमधून खाली घसरलेली असते. टोकावर काजळी असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकं पुसा. आणि दुसरं टोक व्हॉल्व्हला जिथे स्क्रू होतं तिथला संपर्क साफ करा, कारण एवढ्या कमी व्होल्टेजला गंजाचा पातळ थरही भिंत ठरतो. तो नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा, बस, जास्त आवळला तर आतलं इन्सुलेशन चिरडतं. हे सगळं करून झालं तरी नाही राहिलं तर थर्मोकपल बदला, तो झिजणाराच भाग आहे.

तिसरा प्रकार तुमचा खरा प्रकार. वाऱ्याने विझतो असं तुम्ही म्हणता, पण कुठल्या ज्योतीवर विझतो ते बघा. थर्मोस्टॅटला हवं तेवढं गार झालं की जुने फ्रिज ज्योत बंद करत नाहीत, अगदी बारीक करतात, बायपासवर, म्हणजे थर्मोस्टॅटला वळसा घालून येणाऱ्या थोड्याशा गॅसवर. ही पिटुकली ज्योत झुळकेनेही जाते. रात्री हवा गार होते, फ्रिज लवकर गार होतो, ज्योत बारीक होते आणि नेमका पहाटे वारा सुटतो. म्हणजे गंमत अशी की फ्रिज नीट चाललाय म्हणूनच विझतोय. उपाय साधा आहे, वाऱ्याच्या रात्री थर्मोस्टॅट वर करून ठेवा म्हणजे ज्योत मोठीच राहील, भाजी थोडी गारठेल पण सकाळी फ्रिज चालू मिळेल. आणि गाडी लावताना व्हेंटची बाजू वाऱ्याच्या तोंडाला देऊ नका. व्हेंटवर टेप चिकटवणारे लोक मी बघितलेत, ते कृपा करून करू नका, त्याने वारा थांबतो पण धूर बाहेर जाण्याची वाटही जाते.

वारा नसतानाही विझत असेल तर बर्नर उघडायची वेळ झाली. गॅस सिलिंडरवर बंद करा, सगळं गार होऊ द्या. धुराड्यात वरून एक पिळाची पट्टी तारेला टांगलेली असते, ती गरम हवेला फिरवत ठेवते म्हणजे उष्णता बॉयलरला मिळते. ती बाहेर काढताना तारेची लांबी आणि पट्टीची उंची लक्षात ठेवा, फोटो काढा, कारण ती एक-दोन सेंटिमीटर खाली-वर बसली तरी गारवा बदलतो. मग धुराड्यात लांब दांड्याचा गोल ब्रश फिरवा. जुन्या गाडीत गंजाचे पापुद्रे पडतात आणि खराब रस्त्यावर हादरून थेट बर्नरवर येऊन बसतात. म्हणून ब्रश फिरवण्याआधी बर्नरवर कापड झाका, नाहीतर वरची घाण खाली करून ठेवाल.

बर्नरची नळी आतून बघा, कोळ्याचं जाळं हमखास सापडतं, विशेषतः गाडी काही महिने उभी असेल तर. जाळं असलं की हवा कमी मिसळते आणि ज्योत पिवळी होते. ज्योत निळी हवी, टोकं पिवळी नकोत, आणि आवाज एकसारखा मंद हवा. जेट काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजत ठेवा, मग उलट्या बाजूने हवा मारा आणि उजेडाकडे धरून बघा. सुई, तार, ब्रशचा केस, काही म्हणजे काही त्यात घालायचं नाही. ते भोक मायक्रॉनच्या हिशेबात पाडलेलं असतं, सुई घातली की ते मोठं होतं आणि मग वर सांगितलेला जेट मोठा केल्याचा सगळा तमाशा सुरू होतो. साफ होत नसेल तर त्याच नंबरचा नवा घ्या.

एवढं करूनही ज्योत मरतुकडी वाटत असेल तर दाब तपासा. फ्रिजच्या पाटीवर मिलिबारमध्ये लिहिलेला असतो, देश आणि काळ बघून २८, ३०, ३७, जुन्या जर्मन गाडीत ५० सुद्धा. रेग्युलेटर त्याच आकड्याचा आहे का बघा, कारण गाडी एका देशात बनली, रेग्युलेटर दुसऱ्याच देशात बदलला असं खूप दिसतं. रेग्युलेटर म्हातारा होतो, आतला रबरी पडदा कडक होतो, दहा वर्षांपुढचा असेल तर मी तपासत बसत नाही, बदलतो. रबरी नळीवरची तारीखही बघा. जोडल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी, बुडबुडा दिसला तर परत.

थंडीत आणखी एक घोळ होतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वाफ होत राहतो पण ब्युटेन शून्याच्या आसपासच हात वर करतो. सिलिंडरमध्ये दोघांचं मिश्रण असेल तर प्रोपेन आधी संपतो, खाली ब्युटेन उरतो, मग थंड सकाळी सिलिंडर हाताला जड लागतोय पण ज्योत नाही. थंड प्रदेशात जाणार असाल तर निव्वळ प्रोपेन घ्या. आणि उंचीचंही लक्षात असू द्या, दीड-दोन हजार मीटरच्या वर हवा विरळ, गॅस तेवढाच, म्हणजे ज्योत पिवळी आणि विझण्याकडे कल. तिथे फ्रिज बिघडला म्हणून उघडत बसू नका, खाली उतरलात की आपोआप शहाणा होईल, तोपर्यंत वीज मिळाली तर विजेवर चालवा.

विजेवरून आठवलं, १२ व्होल्ट. तो फक्त इंजिन चालू असताना वापरायचा. त्यात आत एक तापणारी कांडी असते, १०० वॉटच्या आसपास किंवा जास्त, म्हणजे ८-१० अँपिअर सतत, आणि बऱ्याच जुन्या मॉडेलमध्ये १२ व्होल्टला थर्मोस्टॅटच नसतो. उभ्या गाडीत रात्रभर ठेवला तर सकाळी बॅटरी मेलेली मिळणार. गार झालेला फ्रिज प्रवासात गार ठेवणं एवढंच त्याचं काम, गरम फ्रिज १२ व्होल्टवर गार करायला जाऊ नका. रिले बसवून घ्या म्हणजे इंजिन बंद केलं की तो आपोआप सुटेल. वायर पण बघा, जुन्या गाडीत बारीक आणि लांब वायर असते, फ्रिजपर्यंत ११ व्होल्टच पोचले तर उष्णता जवळपास १५ टक्क्यांनी कमी होते.

पेट्रोल पंपावर शिरण्याआधी ज्योत बंद, हा नियम बिनअपवाद. पंपावर पोचल्यावर नाही, शिरण्याआधी.

सुरक्षेचं बोलतोच आहोत तर दोन अलार्म हवेत आणि दोघांची जागा वेगळी. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, तो फरशीवर साठतो, म्हणून गॅसचा अलार्म खाली. कार्बन मोनॉक्साइड हवेत मिसळून जातो, म्हणून त्याचा अलार्म झोपायच्या जागेजवळ, श्वासाच्या उंचीला. अलार्मवरची मुदत वाचा, त्यातला सेन्सर काही वर्षांनी संपतो, टेस्टचं बटन दाबल्यावर वाजतो म्हणजे सेन्सर चांगला असं नाही. आणि फ्रिजच्या मागची पेटी गाडीच्या आतल्या भागापासून पूर्ण सील असायला हवी. पिवळी ज्योत, काजळी आणि फुटलेलं सील हे तिन्ही एकत्र आले तर डोकेदुखी, मळमळ होते आणि लोक म्हणतात प्रवासाने झालं. सकाळी गाडीतल्या दोघांचंही डोकं एकदम दुखत असेल तर पहिल्यांदा बाहेर पडा, गॅस बंद करा, चर्चा नंतर.

वापरण्याच्या सवयी. हा फ्रिज घरच्या फ्रिजसारखा वापरला तर दोघंही दुःखी. निघायच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर लावून ठेवा, रिकामा नाही, थंड पाण्याच्या बाटल्या घालून. सुरू केल्यावर गारवा जाणवायलाच चार-पाच तास लागतात, तासाभरात हात घालून बघू नका. आत जाणारी वस्तू आधीच गार हवी, गरम जेवण आत ठेवलंत तर अख्खी रात्र त्या एका डब्यात जाईल. ठासून भरू नका, आतल्या पंखांच्या समोर मोकळी जागा सोडा कारण आत हवा फिरवणारा पंखा नसतो. बॅटरीवर चालणारा छोटा पंखा आत ठेवला तर वरचा आणि खालचा कप्पा एकसारखा होतो, हा खर्च मी कोणालाही करायला सांगेन. ओलं, उघडं काही ठेवू नका, त्याची वाफ पंखांवर बर्फ होऊन बसते आणि बर्फ म्हणजे गादीच की हो, तीन-चार मिलिमीटर झाला की वितळवा, सुरीने खरवडू नका. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढा, सहज सुटला तर तिथून थंडी जातेय. आणि थर्मामीटर आत कायम ठेवा, ५ अंशांच्या वर गेलेलं दूध-मांस दोन-चार तासांहून जास्त राहिलं तर नाकावर विश्वास ठेवू नका, टाकून द्या. एवढं सांभाळलं तर दिवसाला पाव किलो ते चारशे ग्रॅम गॅसमध्ये छोटा फ्रिज निवांत चालतो, आणि एकदम शांत. हा त्याचा एकच गुण असा आहे की कॉम्प्रेसरवाला कधीच देऊ शकत नाही.

आता युनिट मेलंय की नाही हे कसं ओळखायचं, कारण कधीतरी ती वेळ येणारच. गाडी लेव्हलला लावा, घरच्या विजेवर फ्रिज लावा, आत पाण्याची बाटली आणि थर्मामीटर ठेवा आणि चोवीस तास दार उघडू नका. विजेवर छान गार आणि गॅसवर नाही, तर युनिट ठीक, दोष बर्नरचा. दोन्हीवर नाही पण बॉयलर तापतोय, मागे हवा मोकळी आहे, तर युनिट अडकलंय किंवा फुटलंय. फुटलं असेल तर अमोनियाचा नाक फाडणारा वास येतो, किंवा मागे पाइपांवर पिवळी पूड दिसते. ती पूड क्रोमेट आहे, विषारी आहे, उघड्या हाताने पुसू नका, फ्रिज बंद करून दारं उघडा. ते दुरुस्त करायला वेल्डिंगवाल्याकडे घेऊन जाऊ नका. दाबाखालचा अमोनिया आणि हायड्रोजन आहे आत, ते काम फक्त युनिट भरणाऱ्यांचं.

वास नाही, पूड नाही, तरी गार नाही, तर एक जुना उपाय आहे. फ्रिज बाहेर काढून काही तास उलटा ठेवा, मग एक-दोनदा बाजू बदला, शेवटी सरळ करून पूर्ण दिवस तसाच राहू द्या आणि मग चालवा. आतलं द्रव चुकीच्या ठिकाणी अडकलं असेल तर ते परत जागेवर येतं. कधी चालतो, कधी नाही, आणि खडे बसले असतील तर काही उपयोग नाही. काढायचाच आहे म्हणून जाता जाता करून बघा एवढंच, त्यासाठी चालू फ्रिज काढू नका.

तुमच्या बाबतीत क्रम असा लावा. आधी शेगडी पेटवायची सवय आणि वाऱ्याच्या रात्री थर्मोस्टॅट वर, हे आजच. मग मागचं तापमान मोजा आणि पत्रा-पंखा करा. मग बर्नरची सफाई, थर्मोकपल, रेग्युलेटर. एवढ्यावर ऐंशी टक्के तक्रार जावी असं मला वाटतं. तरी दुपारी १० अंशांच्या खाली येतच नसेल आणि तुम्ही मुख्यतः उन्हाळ्यात, गरम प्रदेशात फिरत असाल, तर मग कॉम्प्रेसरवाला १२ व्होल्टचा फ्रिज घ्या, तो चालताना ३-५ अँपिअर घेतो, लेव्हलचं त्याला काही पडलेलं नसतं. पण त्याच्याबरोबर छपरावर सोलर आणि चांगली दुसरी बॅटरी आलीच, हा खर्च धरूनच निर्णय घ्या. जे थंड हवेत, एका जागी आठवडाभर, झाडाखाली मुक्काम करतात त्यांना मी गॅसवालाच ठेवा म्हणतो, कारण सोलरला सावलीत काही मिळत नाही आणि एक सिलिंडर महिनाभर पुरतो.

आणि बदललाच, तर जुना काढल्यावर गॅसची ती शाखा नुसता नॉब बंद करून किंवा टेप गुंडाळून सोडू नका. सांध्यापाशी पितळी प्लग लावून घ्या, साबणाचं पाणी लावून बघा आणि बाहेरचे दोन्ही व्हेंट नीट बंद करा, नाहीतर पावसाचं पाणी सरळ नव्या फ्रिजच्या मागे येईल.